नापास करू शकेल अशी पीयूसी हवी

गाडीची पीयूसी काढायला किती वेळ लागतो, असं कुणालाही विचारा. पाच मिनिटं, असं उत्तर येईल. मग विचारा, नापास झाली तर काय करायचं? यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं, कारण पीयूसीत नापास झालेली गाडी त्यांनी कधी पाहिलेलीच नसते. पंचवीस वर्षांची गाडी असो की दोन वर्षांची, पंपाच्या कोपऱ्यातल्या टपरीवरून सगळ्या पास होऊनच बाहेर पडतात. दुसरीकडे चौकाचौकांत काळा धूर सोडणाऱ्या गाड्या रोज दिसतात आणि पोलिसाने अडवलं तर त्यांच्याही मालकाच्या मोबाइलमध्ये मुदतीतलं प्रमाणपत्र निघतं. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही.

जुन्या गाड्यांचं काय करायचं हा वाद आता दिल्लीपुरता राहिलेला नाही. मुंबईच्या हवेच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत, जानेवारी २०२५ मध्ये, पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे तपासायला समिती नेमण्यास सांगितलं गेलं आणि राज्य सरकारने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. म्हणजे हा विषय आपल्या दाराशी आला आहे. त्यावर माझं मत सरळ आहे. गाडीचं वय बघू नका, धूर मोजा. पण मग तो खरोखर मोजा. जी तपासणी कुणालाच नापास करत नाही, ती हवेचं काही भलं करत नाहीच. शिवाय जो माणूस पदरचे पैसे खर्चून गाडी दुरुस्त करून आणतो, त्याच्यावर ती अन्याय करते. त्याला आणि शेजारच्या धूर ओकणाऱ्या गाडीला सारखाच कागद मिळतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११५ प्रमाणे पहिल्या नोंदणीला वर्ष झालं की प्रत्येक गाडीला पीयूसी लागते. बीएस, म्हणजे भारत स्टेज, हे नव्या गाड्यांच्या धुरावरच्या मर्यादांचे सरकारी टप्पे; आकडा जितका मोठा तितकी मर्यादा कडक. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी, बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षातून एकदा. २०१९ च्या दुरुस्तीने पीयूसी नसल्याचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत गेला, वर तुरुंगवासाची तरतूदही आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नये असं सांगितलं. पुढे विमा कंपन्यांनीच अडचण मांडली, की या अटीमुळे कितीतरी गाड्या विम्याविना धावतायत आणि अपघातग्रस्तांना भरपाई मिळणं अवघड होतंय. २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट काढून घेतली. त्यानंतर २०२५ मध्ये आपले परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी ‘नो पीयूसी, नो फ्युएल’ हे धोरण जाहीर केलं.

या सगळ्या उपायांचा रोख एकाच गोष्टीवर आहे, तो म्हणजे प्रमाणपत्र जवळ असण्यावर. ते कसं मिळालं हे कुणी विचारत नाही. विमा अडवा, पेट्रोल अडवा, दंड दसपट करा. त्यातून प्रमाणपत्राची निकड वाढते आणि निकड वाढली की ते कसंही मिळवण्याची वाटही रुंद होते. मला स्वतःला एका केंद्रावर सांगितलं गेलं होतं, “काका, गाडी आणायची पण गरज नाही. मागच्या नंबरप्लेटचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, संध्याकाळी पीडीएफ येईल.” हे सांगणाऱ्या मुलाच्या आवाजात लपवाछपवी अजिबात नव्हती. आपण गिऱ्हाइकाची सोय करतोय असंच त्याला मनापासून वाटत होतं. माझा राग त्या मुलावर नाही. ज्या व्यवस्थेने त्याला हे काम असंच असतं असं शिकवलं, तिच्यावर आहे.

आता खरी तपासणी म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गाडी ‘पास करून आणण्याचा’ सगळा खेळ इथेच कळतो.

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून पीयूसीचं यंत्र प्रामुख्याने दोन गोष्टी मोजतं. एक कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांत. दुसरी हायड्रोकार्बन, म्हणजे न जळता बाहेर पडलेलं इंधन, दहा लाखांत किती भाग या हिशेबाने. मर्यादा गाडीच्या पिढीप्रमाणे बदलते. बीएस-२ च्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो आणि हायड्रोकार्बन १५०० पर्यंत. बीएस-२ आणि बीएस-३ ला हेच आकडे अर्धा टक्का आणि ७५० आहेत. बीएस-४ ला ०.३ टक्का आणि २००. शिवाय इंजिन मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर धरून दुसरी चाचणी घ्यायची असते. डिझेलची तपासणी वेगळी. तिथे ॲक्सिलेटर झटकन पूर्ण दाबून धुराचा दाटपणा मोजतात.

हे आकडे नीट वाचले की एक गोष्ट लक्षात येते. कायद्याने पंचवीस वर्षांच्या गाडीकडून नव्या गाडीइतकी स्वच्छता मागितलेली नाही. तिने तिच्या काळाच्या मानाने नीट चालावं, एवढीच अपेक्षा आहे. तीन टक्के कार्बन मोनॉक्साइड ही मर्यादा उदार आहे. एखादी जुनी गाडी तीही पाळू शकत नसेल, तर दोष बहुतेक वेळा तिच्या वयात नसतो, तिच्या देखभालीत असतो.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका निवृत्त शिक्षकांची १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरची, पासिंगला न्यायची होती. या गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे एका बंद पडलेल्या पीयूसी केंद्राकडून घेतलेलं जुनं गॅस ॲनालायझर आहे, म्हणून लोक त्यांच्याकडे मुद्दाम येतात. गाडी आली, इंजिन चांगलं तापू दिलं, नळी सायलेन्सरमध्ये हातभर आत सरकवली. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पाचच्या वर जाऊन थांबला. मिस्त्रींनी बॉनेट उघडून एअर फिल्टरचं झाकण काढलं. फिल्टर काळाकुट्ट. त्याखाली कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडावरची हवा अडवणारी चोकची झडप अर्धवट मिटलेली. चोकची केबल गंजून मध्येच अडकली होती, त्यामुळे आतून नॉब पूर्ण ढकलला तरी झडप उघडत नव्हती.

“गुरुजी, चोक पूर्ण उघडतच नाहीये. कधीपासून पेट्रोल पितेय ही?”

“पावसाळ्याच्या आधीपासून. मला वाटलं, वयोमानाने ॲव्हरेज कमी झालं असेल.”

केबल बदलली, फिल्टर बदलला. चारऐवजी तीनच प्लग मिळतात या इंजिनात, तिन्ही काढले तर टोकांवर भुकटीसारखी काजळी. ते बदलले. कार्ब्युरेटर खोलून साफ केला, फ्लोटची सुई झिजली होती ती नवी घातली. मग इंजिन पुन्हा तापवून मिस्त्री मिक्श्चरच्या स्क्रूशी बसले. एक डोळा यंत्राच्या आकड्यावर, कान इंजिनाच्या आवाजावर. स्क्रू पाव फेरा आत, थांबायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा, पुन्हा थोडा. कार्बन मोनॉक्साइड दोनच्या खाली आला, हायड्रोकार्बनही मर्यादेच्या खूप आत. दुपार संपायच्या आत काम झालं आणि सगळं मिळून बिल दोन हजारांतही गेलं नाही.

यात जादू काही नाही. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण पावणेपंधरा पट हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. प्लग ठिणगी नीट टाकत नसेल, टॅपेटचं अंतर बिघडलं असेल, कुठे व्हॅक्यूमची नळी चिरली असेल, तर इंजिन मिसिंग मारतं आणि न जळलेलं पेट्रोल हायड्रोकार्बन म्हणून बाहेर येतं. सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा आत मिसळून आकडा उगाच चांगला दिसतो, म्हणून नियमाने आधी गळती तपासायची असते. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्टर येतात, मिश्रणावर लक्ष ठेवायला ऑक्सिजन सेन्सर येतो आणि सायलेन्सरच्या मार्गात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. हा कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. घरापासून पाच मिनिटांवरच्या केंद्रावर थंड गाडी नेली तर चांगली गाडीही वाईट आकडा दाखवू शकते. म्हणून दहा-पंधरा किलोमीटर फिरवून मगच गाडी यंत्राला लावावी, हा सल्ला अगदी रास्त आहे. ती फसवणूक नव्हे. गाडी रस्त्यावर जशी चालते तशी तपासली जावी एवढाच त्याचा अर्थ.

फसवणूक वेगळी असते. मिक्श्चर स्क्रू तपासणीपुरता इतका आवळायचा की गाडी जेमतेम उभी राहील, कागद हातात आला की पुन्हा पूर्वीसारखा सैल करायचा. नळी सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती टेकवायची. किंवा दुसऱ्याच गाडीत घालायची आणि फोटो आपल्या नंबरप्लेटचा काढायचा. यांतली पहिली युक्ती निदान निसर्ग थोडी अडवतो, कारण मिश्रण फार पातळ केलं की इंजिन मिसिंग मारू लागतं आणि हायड्रोकार्बनचा आकडा उसळतो. उरलेल्या दोन युक्त्या केवळ तपासणारा माणूसच अडवू शकतो. आणि आपण त्याला अडवण्याचं कारणच ठेवलेलं नाही.

पेट्रोलच्या चारचाकीची पीयूसी महाराष्ट्रात सव्वाशे रुपयांत होते, दुचाकीची पन्नास रुपयांत. या पैशात केंद्रचालकाने यंत्र घ्यायचं, त्याचं कॅलिब्रेशन वेळच्या वेळी करून घ्यायचं, इंटरनेट, संगणक, जागेचं भाडं, माणसाचा पगार भागवायचा. नियमाप्रमाणे इंजिन तापलंय का पाहायचं, गळती पाहायची, नळी नीट आत घालायची, आकडा स्थिर होऊ द्यायचा, बीएस-४ गाडी असेल तर वाढवलेल्या फेऱ्यांवरची चाचणी घ्यायची. हे सगळं केलं तर एका गाडीला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. जो हे करेल आणि गाडी नापास करेल, त्याचं गिऱ्हाईक पुढच्या पंपावर जाईल आणि तिथे दोन मिनिटांत पास होईल. पुढच्या वेळी ते शेजाऱ्यालाही तिकडेच पाठवेल. म्हणजे प्रामाणिक केंद्र तोट्यात आणि ढिलं केंद्र जोरात, असा हा धंदा आपणच घडवला आहे. त्यात चांगला माणूस टिकला तर तो अपवाद.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. दिल्लीतल्या वाहन प्रदूषणावर महालेखापरीक्षकांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. २०१५ ते २०२० या काळातल्या पीयूसीच्या नोंदी त्यांनी तपासल्या. पेट्रोल आणि गॅसवरच्या १ लाख ८ हजार गाड्यांचे आकडे मर्यादेच्या बाहेर नोंदले गेले होते आणि तरीही त्यांना पास केलं होतं. एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून जास्त गाड्या तपासल्याच्या नोंदीही निघाल्या. हे देशातल्या सगळ्यात जास्त लक्ष असलेल्या शहरात. तिथे न्यायालयं, प्राधिकरणं, माध्यमं वर्षानुवर्षं हवेवर बोलतायत आणि यंत्राने नापास केलेली गाडी माणसाने पास केली, हे साध्या नोंदींवरूनही कुणी वेळेत पकडलं नाही.

तपासणीवर असा विश्वास उरला नाही की सरकारला एकच सोपा मार्ग दिसतो, तो म्हणजे वय. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असं ठरलं आणि लोकांच्या संतापापुढे काही दिवसांत तो निर्णय थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं, डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. दरम्यान दिल्लीत दहा वर्षं झालेल्या कितीतरी डिझेल गाड्या ना-हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. त्यांचा धूर कमी झाला नाही, तो फक्त दिल्लीतून दुसरीकडे गेला.

वयाच्या बाजूने एक खरा आणि वजनदार युक्तिवाद आहे, तो मी टाळणार नाही. नवी गाडी जुनीपेक्षा खूपच स्वच्छ असते. डिझेल कारमधून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांची मर्यादा २००० साली किलोमीटरला ०.१४ ग्रॅम होती. बीएस-४ ला ती ०.०२५ झाली आणि बीएस-६ ला ०.००४५. वीस वर्षांत तीसपट फरक. तेव्हा जुन्या डिझेल गाड्यांच्या बाबतीत माझा कल कडकपणाकडे आहे. दाट वस्तीच्या शहरात रोज शंभर-शंभर किलोमीटर धावणारी, बीएस-२ किंवा बीएस-३ डिझेलची व्यावसायिक गाडी कितीही नीट ठेवली तरी शाळेच्या दारात उभ्या असलेल्या पोरांच्या फुप्फुसांना ती परवडत नाही. तिला पर्याय देऊन हटवायलाच हवं. मुंबईने हे एकदा करून दाखवलं आहे. १९९९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने व्ही. एम. लाल समिती बसली, जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जायला लावलं गेलं आणि शहरात गॅसचे पंपही उभे राहिले. म्हणून तो बदल टिकला. प्रीमियर पद्मिनी त्यानंतरही रस्त्यावर होत्या. २००३ साली नोंदलेल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची वीस वर्षं २०२३ मध्ये संपली तेव्हा ती गेली.

पण गुरुजींची मारुती ही ती गाडी नव्हे. ती आठवड्यातून दोनदा बाजाराला आणि वर्षातून एकदा गावच्या जत्रेला जाते. हवेत किती घाण गेली याचा हिशेब दर किलोमीटरचा धूर गुणिले किलोमीटर असा असतो आणि वयाचा नियम या गुणाकारातला दुसरा आकडा पाहतच नाही. शिवाय इंधन सगळ्यांनाच नवं मिळालं आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. एप्रिल २०२० पासून गंधकाचं प्रमाण दहा लाखांत दहा भागांपर्यंत खाली आलं. त्याचा थोडाफार फायदा जुन्या गाडीलाही होतोच. उलट ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलने जुन्या गाडीवाल्यांपुढे नवी कटकट उभी केली आहे. इथेनॉलमुळे कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण थोडं पातळ होतं, कार्बन मोनॉक्साइडचा आकडा सुधारतोही. पण त्या काळच्या रबरी नळ्या, वॉशर आणि डायफ्रॅम या इंधनासाठी बनलेलेच नाहीत. ते फुगले, चिरले की गळती सुरू होते. जुनी गाडी ठेवणाऱ्याने इंधनाच्या नळ्या बदलून घेणं आता टाळू नये.

आणि नवी गाडी म्हणजे स्वच्छ गाडी, असं डोळे मिटून मानता येत नाही, हेही आपल्याच राज्यात सिद्ध झालं आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं चाचणीपुरता धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर जगभर उघडं पडलं, तेव्हा पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने भारतातल्या गाड्यांची रस्त्यावरची चाचणी घेतली. प्रयोगशाळेतल्या आणि रस्त्यावरच्या आकड्यांत मोठी तफावत सापडली आणि कंपनीला इथल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याआधी २०१३ मध्ये जनरल मोटर्सने टवेराच्या १ लाख १४ हजार गाड्या उत्सर्जनाच्या चाचणीतल्या गैरप्रकारावरून परत बोलावल्या होत्या. यांतली एकही गाडी पीयूसीत सापडली नसती. नायट्रोजनची ऑक्साइडं पीयूसी मोजतच नाही. आज बीएस-६ डिझेल गाडीचं डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारं गाळणं, तुंबलं की ते सरळ कापून टाकणारी गॅरेजं आहेत. धुराचा दाटपणा मोजणारं जुनं यंत्र हे पकडायला पुरत नाही; म्हणूनच बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीने तपासणीत प्रत्यक्ष कण मोजणारी यंत्रं आणली. सहा वर्षांची, गाळणं कापलेली चकचकीत एसयूव्ही पास आणि नीट ठेवलेली पंचवीस वर्षांची मारुती भंगारात, हा न्याय मला मान्य नाही.

कडक तपासणी आली की गरीब भरडला जाईल, असं म्हणणारे मित्र मला आहेत आणि त्यांची काळजी खोटी नाही. जुनी गाडी हौसेने ठेवणारे थोडे; परवडत नाही म्हणून ठेवणारे जास्त. भाजीचा टेम्पो, शेतकऱ्याची जीप, दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी ठेवलेली सेकंडहँड अल्टो. पण आजची व्यवस्था त्यांना काय देते? पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये कारसाठी सहाशेवरून पाच हजार झाली. २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या गाडीला ती दहा हजार आहे. त्यावर राज्याचा पर्यावरण कर. हे पैसे गाडी कितीही स्वच्छ असली तरी द्यायचेच. यात दुरुस्तीला बक्षीस नाही, निष्काळजीपणाला शिक्षा नाही. गुरुजींनी दोन हजार रुपये खर्चून धूर निम्म्याहून खाली आणला, त्याची कुठल्याही कार्यालयात दखल नाही. तेच दहा हजार त्यांनी भरले असते आणि चोक तसाच ठेवला असता तरी चाललं असतं. गरिबाला जड जाते ती ही वयावरची पट्टी. धुरावरची पट्टी त्याच्या हातात थोडं तरी काही ठेवते.

म्हणून मला हवी असलेली तपासणी अशी. फी वाढवा; कारला तीनशे-चारशे रुपये घेतले तरी सहा महिन्यांतून एकदा ते जड नाहीत, पण त्या पैशात नीट वेळ देता येतो. प्रत्येक केंद्राचं नापासाचं प्रमाण दर महिन्याला जाहीर करा. सगळ्या नोंदी आता सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर जातातच, तेव्हा हजार गाड्या तपासून एकही नापास न करणारं केंद्र शोधायला छाप्याची गरज नाही, संगणकावर दहा मिनिटं पुरतील. मुद्दाम बिघडवलेली गाडी गुपचूप पाठवून केंद्रांची परीक्षा घ्या. ज्याने तपासायचं त्याने दुरुस्त करायचं नाही, पण दुरुस्त करणाऱ्याकडेही यंत्र असलं पाहिजे. आज बहुतेक मिस्त्री केवळ कानाने ट्यूनिंग करतात, कारण ॲनालायझर त्यांच्या आवाक्यात नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचा हात या यंत्रावर बसलेला असला पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नापास होण्याची भीती काढा. गाडी नापास झाली की आज दंडाची टांगती तलवार, म्हणून माणूस खोट्या कागदाकडे वळतो. त्याऐवजी नापास झालेल्याला आकड्यांसकट चिठ्ठी द्या, तीस दिवसांची मुदत द्या, त्या मुदतीत दंड नाही, दुसरी तपासणी फुकट. चिठ्ठीवर कार्बन मोनॉक्साइड जास्त की हायड्रोकार्बन जास्त हे मराठीत लिहिलेलं असेल, तर चांगला मिस्त्री त्यावरूनच अर्धं निदान करेल. मुदतीतही गाडी सुधारली नाही तर मग खुशाल अडवा. आर. ए. माशेलकरांच्या समितीने २००२ मध्ये वाहन-इंधन धोरण मांडताना वापरातल्या गाड्यांच्या तपासणी-देखभालीवर भर दिला होता. इंधन आणि नव्या गाड्यांचे टप्पे आपण पार केले, बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडीही मारली. वापरातल्या गाडीचं काम मात्र टपरीवरच राहिलं.

हे आत्ताच बोलायला हवं, त्यालाही कारण आहे. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ चा नियम आधी देशातल्या तेरा शहरांत आला. त्यांत आपली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. त्या वर्षी नोंदलेल्या गाड्यांची पंधरा वर्षं २०२५ मध्ये भरू लागली. म्हणजे या शहरांत इथून पुढे पंधरा वर्षांच्या पासिंगला नव्याने येणारी ‘जुनी’ गाडी कार्ब्युरेटरची नसेल. तिच्यात ऑक्सिजन सेन्सर असेल, कन्व्हर्टर असेल आणि मर्यादा ०.३ टक्क्याची असेल. या गाड्या मुळात चांगल्या आहेत, पण त्यांचा बिघाड चोकच्या केबलइतका स्वस्त नाही. कन्व्हर्टर मेला तर अस्सल भाग हजारोंच्या घरात जातो, त्यामुळे मालक तो काढून नुसता पाइप बसवतो, आणि आजची पीयूसी त्याला पास करते. पर्यावरण कर म्हणून जुन्या गाडीवाल्यांकडून राज्य जे पैसे घेतं, त्यातला काही भाग याच कामाला द्यावा, अशी माझी मागणी आहे. खऱ्या तपासणीत नापास झालेल्या गाडीला नवा कन्व्हर्टर किंवा सेन्सर बसवला, पावती जोडली आणि दुसऱ्या तपासणीत ती पास झाली, की त्या वर्षीचा कर माफ. सोलापूरच्या आरटीओपासून सुरुवात करावी. तिथे गाड्या मुंबई-पुण्याच्या मानाने कमी आहेत, बीएस-४ सगळ्यांच्या आधी आलेल्या शहरांत ते होतं, आणि वर्षभरात किती गाड्या नापास झाल्या, किती दुरुस्त झाल्या, हे सगळ्यांना मोजून सांगता येईल.